३८ हजार रनिंगची झेड-फोर (म्हणे)

गाडीची किंमत १४,७५,००० रुपये. पहिल्या वर्षात वर घातलेले ४,३०,७००. यात पेट्रोल आणि विमा धरलेलाच नाही.

जुनी स्पोर्ट्स कार खर्चात पाडते हे शिकवायला कुणी येऊ नका. मला माहीत होतं. २०१० ची बीएमडब्ल्यू झेड-फोर, ३५आय, तीन लिटरचं ट्विन टर्बो पेट्रोल इंजिन. वर्षाला दीड लाख बाजूला ठेवायचे, असं ठरवूनच उतरलो होतो. पण हा हिशेब मीटरवरच्या ३८,२०० किलोमीटरवर मांडला होता. गाडी त्याच्या दुपटीहून जास्त पळालेली निघाली.

मीटर पाडतात, म्हणजे किलोमीटरचा आकडा मागे नेतात, कसं ते सगळ्यांना ठाऊक आहे. किंमत दोन-तीन लाखांनी चढवून मिळते, ती डीलरची कमाई. ती रक्कम मी एकवेळ सोडून दिली असती. पण ३८ हजारांच्या गाडीला तुम्ही ऑइल आणि ब्रेक पॅडची तयारी ठेवता, आणि ८० हजारांच्या पुढे गेलेली गाडी तुमच्याकडे पंप मागते, इंजेक्टर मागते. इलेक्ट्रिक वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट: ७८,४००. हाय प्रेशर फ्युएल पंप: ६४,५००. सहापैकी दोन इंजेक्टर: ९२,०००. व्हॉल्व्ह कव्हर आणि ऑइल फिल्टर हाउसिंगची गॅस्केटं, कारण घराच्या पार्किंगमध्ये ऑइलचे डाग पडायला लागले: ५२,३००. बॅटरी, गाडीच्या संगणकात तिची नोंद (कोडिंग) करण्यासकट: ३१,५००. रनफ्लॅट टायर (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे), रुंदी पुढे २२५ मिमी, मागे २५५: १,१२,०००. टायरांची नक्षी शाबूत होती, म्हणून खूश होतो. बाजूवरचा चार आकडी कोड गॅरेजवाल्याने वाचून दाखवला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४१६. म्हणजे २०१६ चे टायर! तुम्ही जाल तेव्हा आधी खाली वाकून तो कोड वाचा, मग बॉनेट उघडा.

मी गाडी डोळे मिटून घेतली नव्हती. ओळखीचा मेकॅनिक पुण्याहून मुंबईला सोबत नेला होता. त्याने स्कॅनर लावला, एकही एरर नाही. असणार कशी? आदल्या दिवशी पुसल्या असतील. एरर पुसल्या की स्कॅनरवरचे ‘मॉनिटर’, म्हणजे गाडी स्वतःच्या घेते त्या चाचण्या, अपूर्ण दिसतात आणि बरंच अंतर चालवल्यावरच पुन्हा पूर्ण होतात. ते पान उघडायला मेकॅनिकला सांगा. आमच्याने उघडलं नाही.

आणि ती चावी. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. डीलरने ड्रॉवरमधून एकच चावी काढली. दुसरी कुठे विचारलं तर म्हणाला, “पहिल्या मालकाकडे राहिलीय साहेब, मोठी माणसं, शोधून देतील. आठवड्यात कुरिअर करतो.” मी ड्रायव्हर सीटकडे बघत होतो. दाराकडच्या कडेचं चामडं रंगवलेलं होतं, रंगाखाली भेगा दिसत होत्या. शेजारची सीट मात्र कोरी. त्यावरही उत्तर तयार: “संडे कार आहे, पण बसायला खाली आहे ना, उतरताना घासतं.” सीट आणि चावी, दोन्ही एकाच पाच मिनिटांत समोर आले होते. मागे पार्टी उभी आहे, संध्याकाळपर्यंत टोकन द्या, असा घोशा लावला होता. ५०,००० चं टोकन दिलं.

पहिल्या मालकाचा नंबर जुन्या विमा पॉलिसीवरून मिळाला. सज्जन गृहस्थ. म्हणाले, “३८? अहो, मी दिली तेव्हा ८६ च्या पुढे होती.” दुसरी चावी त्यांच्याकडे होती, कारण कुणी मागितलीच नव्हती! या गाड्यांची चावी किलोमीटर साठवते, ती शेवटची वापरली तेव्हाचे. सर्व्हिस सेंटरच्या रीडरवर ठेवली, आकडा आला ८४,९१२. खरेदीआधी याच सेंटरने चॅसिस नंबरवरून इतिहास द्यायला नकार दिला होता, ‘मालकच मागू शकतो’ म्हणून. मग मालकाला घेऊन जा. मालक यायला तयार नसेल तर गाडी सोडा.

आता पोलीस. पुण्यात म्हणाले, व्यवहार मुंबईत झालाय, तिकडे जा. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो हे मीच त्यांना सांगायचं का? मुंबईत म्हणाले दिवाणी बाब आहे, अर्ज ठेवून जा. अहो, आकडा बदलून गाडी विकली, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? तिथल्या एका साहेबांनी वर ऐकवलं, “बीएमडब्ल्यू घ्यायला पैसे आहेत, मग एवढं काय रडताय?” टेबलाभोवतीचे सगळे हसले. मी पगारदार माणूस आहे, नऊ लाखांचं कर्ज काढलंय, हे तिथे कुणाला सांगू?

आरटीओत आणखी मजा. म्हणाले, ट्रान्सफरच्या वेळी मीटर बघणं आमच्या कामात येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, याच्याकडे आहे का, असं मी विचारलं. म्हणाले, लेखी विचारा. लेखी विचारलं. पोच मिळाली, उत्तर नाही. मात्र १५ वर्षं पूर्ण झाल्यावर नोंदणी नूतनीकरणाचे पैसे घ्यायला खिडकी उघडी असते: साध्या गाडीला ५,०००, आयात केलेलीला ४०,०००. पर्यावरण कर वेगळा. २०१०-११ ची आयात गाडी स्वस्तात दिसली की हे आकडे आधी किमतीत मिळवा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबईला खेपा नाहीत. दहा ते वीस लाखांच्या खरेदीला शुल्क फक्त ४००. मुदत दोन वर्षांची, ती पोलिसांच्या दारात घालवू नका. डीलरची जाहिरात, मेसेज, सगळं जपून ठेवा. माझ्या पावतीवर ‘जशी आहे तशी’ छापलंय, पण जाहिरातीच्या स्क्रीनशॉटवर ‘३८ हजार जेन्युइन’ आहे.

नोटीस गेल्यावर डीलरचा फोन आला. ७५,००० घ्या आणि मिटवा. लेखी द्या म्हटलं, तेव्हापासून फोन उचलत नाही.