'डाऊन'चा अर्थ कुठे शोधावा? तीन फुकट शब्दकोश, एक शब्द

मुंबईत 'डाऊन' लोकल म्हणजे सीएसएमटी किंवा चर्चगेटपासून दूर जाणारी गाडी, चढ-उताराशी तिचा काही संबंध नाही. इंग्रजांचा 'वॉक डाऊन द रोड'सुद्धा सपाट रस्त्यावर चालतो. त्यामुळे 'डाऊन म्हणजे खाली' एवढंच पाठ असेल, तर ऑनलाइन शब्दकोश उघडावाच लागतो. प्रश्न एवढाच, की कोणता?

सुरुवात केंब्रिजपासून करावी. शब्दयोगी अव्यय, क्रियाविशेषण, विशेषण, क्रियापद असे भाग वेगळे दिलेले असतात, ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार ऐकता येतात. मात्र अर्थाआधीची 'इन्फॉर्मल' ही बारीक खूण वाचायची सवय हवी. 'आय अ‍ॅम डाऊन फॉर फ्रायडे' हेच वाक्य घ्या. सरळ अर्थ: शुक्रवारच्या यादीत माझं नाव लागलंय. बोलीतला अर्थ: शुक्रवारचं जमेल, मी तयार. ऑफिसच्या ईमेलमध्ये पहिला, मित्रांच्या ग्रुपवर बहुधा दुसरा. आणि गंमत म्हणजे 'अप फॉर इट' आणि 'डाऊन फॉर इट', दोन्हींचा अर्थ 'मी तयार'!

'डाऊन विथ' त्याहून फसवं. त्यासाठी पुढचा-मागचा शब्द बघायचा. कर्ता नाही आणि वाक्यच 'डाऊन विथ'ने सुरू झालं, तर मुर्दाबाद. कर्ता आहे आणि पुढे फ्लू किंवा मलेरिया, तर माणूस अंथरुणाला खिळलाय. पुढे एखादा बेत किंवा कल्पना असेल, तर 'पटलं बुवा'. ही कसोटी कोणताही शब्दकोश एका जागी देत नाही, उदाहरणं वाचून आपणच जमवावी लागते.

मेरियम-वेबस्टर अमेरिकन वापरासाठी चांगला, व्युत्पत्तीसाठी त्याहून चांगला. 'डाऊन' आला जुन्या इंग्रजीतल्या 'टेकडीवरून' या अर्थाच्या शब्दांतून. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांना आजही 'डाऊन्स'च म्हणतात. इथली अडचण क्रमाची आहे. अर्थ साधारण ऐतिहासिक क्रमाने लावलेले असतात, त्यामुळे पहिला अर्थ म्हणजे रोजचा अर्थ असं धरून चाललात तर चुकाल.

अर्बन डिक्शनरी 1999 पासून आहे. 'डाऊन बॅड'सारखं काही, म्हणजे कुणासाठी झुरून केविलवाणं होणं, तिथे लवकर सापडतं. पण अर्थ कुणीही लिहितं आणि मतांवर वर-खाली होतात. विनोद, शिवीगाळ आणि खरा अर्थ एकाच रांगेत. त्यामुळे वरचा एक वाचून थांबू नका. तीन-चार नोंदी वाचा, त्यांखालची तारीख बघा, आणि निदान दोघांचा अर्थ जुळला तरच तो शब्द तोंडी आणा. लेखी तर नकोच. मुलांच्या हातात देण्याआधी स्वतः चाळून बघा.