जुन्या थारला पाच नवे टायर: दहा महिने, चौदा हजार किलोमीटर

मी अंबाजोगाईत राहतो. काम ठिबकचं. संच बसवायचा, फिल्टर साफ करून द्यायचा, उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या बदलायच्या. केज, धारूर, कळंब या तीन तालुक्यांत रोजची फिरती असते. दिवसातले नव्वद टक्के किलोमीटर डांबरीवर आणि सिमेंटच्या रस्त्यावर जातात. पण शेवटचा एखादा किलोमीटर पांदण असते, आणि पावसाळ्यात सगळा दिवस त्या एका किलोमीटरवर अडतो. म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत २०१६ सालची फोर बाय फोर थार सेकंडहँड घेतली.

घेताना इंजिन ऐकलं, चेसिसखाली पडून गंज बघितला, कागद तपासले. टायरकडे फक्त नजर टाकली. नक्षी खोल होती, रबर काळंभोर चमकत होतं. तेवढ्यावर समाधान मानलं, आणि चूक तिथेच झाली.

एप्रिलमध्ये साध्या पंक्चरसाठी गाडी लावली. पंक्चरवाल्यानं चाक खोलून आतली बाजू वर केली, ओल्या फडक्यानं पुसली आणि मोबाइलचा उजेड पाडला. लंबगोल चौकटीत चार आकडे होते, ३८१७. म्हणजे २०१७ सालचा ३८ वा आठवडा. अंगठ्यानं रबर दाबलं तसं नक्षीच्या मुळाशी केसासारख्या बारीक भेगा उघडल्या. तो म्हणाला, "भाऊ, टायर नवं दिसायलंय, पण वय झालंय त्याचं. उन्हात लांब जाऊ नका." आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. त्या डांबरावर आठ वर्षांचं वाळलेलं रबर घेऊन मी दोन महिने घाट उतरत होतो, या विचारानं पोटात गोळा आला.

पण खरी गोष्ट पुढे निघाली. पुढच्या दोन टायरांवर २३५/७० आर १६ लिहिलं होतं, म्हणजे या थारचं कंपनीचं माप. मागच्या दोनवर होतं २४५/७५ आर १६. आधीच्या मालकानं मागून गाडी भारदस्त दिसावी म्हणून चढवले असावेत. एरवी नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे खपून जातं, फोर बाय फोरमध्ये नाही. पहिल्या मापाच्या टायरचा व्यास साधारण ७३५ मिलीमीटर येतो, दुसऱ्याचा ७७४. एक किलोमीटर जायला लहान चाक साधारण ४३३ फेरे घेतं आणि मोठं ४११. टू व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकं मोकळी असतात, त्यामुळे फरक कळत नाही. फोर हाय, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा गिअर, टाकला की मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधला जातो. मग दर किलोमीटरला बावीस फेऱ्यांचा हिशेब कुठेतरी चुकता व्हायलाच हवा. चिखलात चाक घसरतं आणि तो निघून जातो. डांबरीवर घसरायला जागा नसते, सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीत) आणि शाफ्टमध्ये साठत जातो.

मार्चच्या अवकाळीत माझं तेच झालं होतं, फक्त तेव्हा कारण कळलं नव्हतं. पांदणीतून फोर हायमध्ये बाहेर आलो, तसाच किलोमीटरभर डांबरीवर गेलो, आणि फोर हायचा छोटा लिव्हर जागचा हलेना. गाडी ब्रेक लावल्यासारखी जड झालेली. शेवटी सरळ रेषेत वीस-पंचवीस फूट मागं घेतली तेव्हा खट्‌कन आवाज होऊन लिव्हर सुटला. मी गिअरबॉक्सला दोष देत होतो, दोष टायरचा होता. कोरड्या डांबरीवर फोर हाय लावायचंच नसतं, मापं जुळत असली तरी नाही, कारण वळणावरही पुढची-मागची चाकं सारखी फिरत नाहीत. पण मापं जुळत नसतील तर सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ बसतो.

त्यामुळे ठरवलं की चार नाही, स्टेपनीसकट पाच टायर घ्यायचे. एकाच मापाचे, एकाच नक्षीचे, शक्यतो एकाच महिन्यात बनलेले.

नक्षी कोणती, यावर मात्र आठवडाभर डोकं खाल्लं. एचटी म्हणजे रस्त्याचा टायर: शांत, ॲव्हरेज चांगलं, ओल्या डांबरीवर पकड उत्तम, पण पांदणीत उपयोग नाही. एमटी म्हणजे चिखलाचा: मोठे ठोकळे, मध्ये बोट जाईल एवढ्या खाचा. मित्रांचा सगळा आग्रह एमटीचा होता. पण आपली माती वेगळी आहे. काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि डिकासारखी चिकटते. एमटीच्या रुंद खाचा ती माती फेकू शकतात, तेही चाक जोरात फिरलं तरच. आणि त्या थोड्या दिवसांसाठी उरलेलं सगळं वर्ष डांबरीवर घरघर ऐकायची, ठोकळे लवकर झिजवायचे, पावसात घाटात ब्रेक लांब लागतो तो सोसायचा. धारूर घाटात समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो तेव्हा मला चिखलापेक्षा ब्रेक महत्त्वाचा वाटतो. म्हणून मधला एटी घेतला, रस्ता आणि पांदण दोन्हींसाठीचा.

या प्रकारात योकोहामाचा जिओलँडर आहे, अपोलोचा ॲप्टेरा आहे, इतरही आहेत. मी कोणता घेतला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा अनुभव प्रकाराचा आणि मापाचा आहे, तोच तुमच्या कामाचा. दुकानदारानं आधी ज्या जोड्या काढल्या त्यातले दोन टायर दीड वर्ष जुने होते. "माल नवाच आहे, गोदामात सावलीतच होता," असं तो म्हणाला. मी पाचही टायरांचे आकडे स्वतः वाचले आणि चार दिवस थांबून ताजे मागवून घेतले. बाजूवरचा १०६ हा आकडाही बघितला. तो भाराचा असतो आणि १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो. मागं पाइपांचे बंडल आणि वाळूचा फिल्टर टाकून फिरणाऱ्यानं यापेक्षा कमी घेऊ नये.

मे महिन्यात साधारण नऊ हजारांना एक पडला. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला, म्हणजे नऊ हजारांच्या टायरमागे सातशे रुपयांचा फरक. (ट्रॅक्टरच्या टायरचा तर पाचवर आला.) हळहळ वाटली, पण पावसाळा काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. जोडीला अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह करून घेतले. जुने व्हॉल्व्ह ठेवून शंभर-दीडशे वाचवू नका.

आता वापराचं. साठच्या खाली आवाज जाणवत नाही. साठ ते ऐंशीत एक गुणगुण येते, सवय होते. ॲव्हरेज तेरावरून बारावर आलं. मापं सारखी झाल्यापासून लिव्हर दोन बोटांनी पडतो आणि दोन बोटांनी निघतो. यासाठी मी पैसे पुन्हा मोजेन. खडी उखडलेल्या रस्त्यावर आणि मुरमावर गाडी घट्ट बसते, मागचं उडणं गेलं.

काळ्या मातीची परीक्षा झाली ती सप्टेंबरात. त्या महिन्यात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली ती इथल्या कुणाला सांगायला नको. मांजराकाठच्या एका शेतकऱ्याचा फिल्टर आणि मोटार पाण्यात गेली होती. सोयाबीन काढणीला आलेलं, सगळं आडवं. त्यानं फोनवर सांगितलं होतं, "भाऊ, पाणी जरा उतरू द्या, मग या." मला राहवलं नाही. फोर लो, म्हणजे चारही चाकांचा हळू पण जास्त जोराचा गिअर, टाकून पांदणीत शिरलो. शंभर-दीडशे पावलं गाडी छान गेली, मग चाकं नुसती फिरायला लागली. उतरून बघितलं तर नक्षी दिसतच नव्हती. खाचा मातीनं लिंपून टायर पार गोटा झालेला. एटी असो की आणखी काही, ओल्या काळ्या मातीत दोन-चार फेऱ्यांत हे होणारच, आणि अशा वेळी ॲक्सिलेटर दाबला की गाडी पोटावर बसते.

मी इंजिन बंद केलं. शेतकऱ्यानं खुरपं आणलं. आम्ही दोघांनी चारही चाकांच्या खाचा खरवडल्या. किल्लीच्या टोकानं व्हॉल्व्हची पिन दाबून हवा बत्तीसवरून अठरावर आणली. टायर खाली पसरले, जमिनीला टेकणारी लांबी डोळ्यांना दिसेल एवढी वाढली. मग पुढं जायचा हट्ट सोडून, आल्या चाकोरीनं, ॲक्सिलेटरवर नुसता पाय टेकवून मागं घेतली. गाडी निघाली. फिल्टर आम्ही चौघांनी खांद्यावर आणला. डांबरीवर आल्यावर बारा व्होल्टच्या पंपानं परत हवा भरली, प्रत्येक टायरला पाच-सहा मिनिटं. कमी हवेवर डांबरी रस्त्यानं पळवू नका, टायरची बाजू तापून आतून फाटते. आणि हवा सकाळी थंड टायरलाच तपासा, दुपारच्या उन्हात काटा तीन-चार पॉइंट जास्तच दाखवतो.

एक नुकसान झालं. जानेवारीत तूर काढलेल्या रानातून गाडी घातली आणि तिरपं कापलेलं धसकट मागच्या टायरच्या बाजूत घुसलं. नक्षीतलं पंक्चर निघतं, बाजूचं निघत नाही. कुणी काढून देतो म्हणाला तरी त्या टायरवर भरवसा ठेवू नका. टायर गेला. तुरीच्या आणि पऱ्हाटीच्या रानात आता मी बांधावर गाडी लावून चालत जातो.

पाच टायर सारखे घेतल्याचा फायदा तेव्हा कळला. ऑक्टोबरात स्टेपनीसकट चाकं फिरवून लावली होती, त्यामुळे गेलेल्या टायरच्या जागी तेवढीच झिजलेली स्टेपनी बसली. नवीन असताना नक्षी साडेनऊ मिलीमीटर होती, आता चारही चाकांवर साडेसातच्या आसपास आहे. खाचेतला रबरी टेकू १.६ मिलीमीटरला वर येतो, पण पांदणीत जाणाऱ्यानं तीनलाच बदलावेत असं माझं मत आहे. त्या हिशेबानं अजून दोन पावसाळे निघतील. जानेवारीत घेतलेला एकटा नवा टायर मागच्या दारावर टांगला आहे. त्याची तारीख वेगळी आणि नक्षी दोन मिलीमीटरनं जास्त, म्हणून त्याला बाकीच्यांबरोबर फिरवणार नाही. अडचणीत मागं लावायचा आणि गावात आलो की काढायचा. खुरपं मात्र त्या दिवसापासून सीटखाली कायमचं आहे.