माजी सैनिक आणि दिव्यांगांसाठी मुंबईत: ईसीएचएस, सैनिक कल्याण कार्यालय, हाजी अली की पुणे?

नोकरीत जखमी झालेला माजी सैनिक असो, ऐकू येईनासे झालेले वडील असोत किंवा घरात सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर परिणाम) असलेलं मूल असो, मुंबईत सगळी मदत एका खिडकीवर मिळत नाही. ईसीएचएस ही माजी सैनिकांसाठीची संरक्षण मंत्रालयाची आरोग्य योजना, हाजी अलीची पुनर्वसन संस्था केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची, वांद्र्याची श्रवण संस्था सामाजिक न्याय मंत्रालयाची आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्य सरकारचं. एका ठिकाणचा कागद दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. त्यामुळे सुरुवात कुठून करायची हे नीट ठरवलं तर बरेच हेलपाटे वाचतात.

माजी सैनिकासाठी पहिला प्रश्न पेन्शनचा. पेन्शन मिळत असेल, मग ती सेवा पेन्शन असो, डिसॅबिलिटी पेन्शन असो वा कुटुंब पेन्शन, तर ईसीएचएस हाच आजारपणाचा मुख्य आधार. १ एप्रिल २००३ पासून ही योजना चालू आहे. एकदाच वर्गणी भरायची. युद्धात जायबंदी झालेल्यांना, वीरपत्नींना आणि १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना तीही माफ आहे. रोज लागणारी औषधं पॉलीक्लिनिकमधून, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातून, मिळतात. मोठा उपचार असेल तर तिथले डॉक्टर रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, देतात आणि पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेची मान्यता असलेल्या, रुग्णालयांतून आपण निवड करतो. ही मान्यता विभागवार असते, म्हणजे हृदयरोगासाठी पॅनेलवर असलेलं रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी असेलच असं नाही. रेफरल घेतानाच हे विचारून घ्या.

कुलाब्याचं नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस अश्विनी की घराजवळचं पॅनेलवरचं रुग्णालय? विरार किंवा कल्याणला राहणाऱ्या सत्तरीच्या माणसाला दर आठवड्याला फिजिओथेरपी लागत असेल तर मी बिनदिक्कत घराजवळचं सांगेन. गुंतागुंतीचं निदान असेल, नोकरीत झालेल्या जखमेचाच त्रास पुन्हा डोकं वर काढत असेल, तर अश्विनीचा विचार जरूर करा. लष्करी डॉक्टरांना मेडिकल बोर्डाची, म्हणजे सैनिकाचं दिव्यांगत्व ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाची, भाषा समजावून सांगावी लागत नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे कितीतरी जवान निवृत्तीनंतर मुंबईत सुरक्षारक्षकाची नोकरी धरतात, ईसीएचएस कार्डावर मात्र गावाकडचंच पॉलीक्लिनिक राहतं. ते बदलून घेता येतं, आणि मुक्काम इथेच असेल तर आधी तेच करावं.

पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाला बहुतेक वेळा ईसीएचएस मिळत नाही. त्याच्यासाठी सैनिक कल्याण कार्यालय महत्त्वाचं. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर अशी दोन स्वतंत्र कार्यालयं आहेत. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना उपचारासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं अर्थसाहाय्य आहे आणि त्याचा अर्ज या कार्यालयामार्फत जातो. पेन्शनवाल्यांनीही तिथे नाव नोंदवून ठेवावं. सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, मुलांच्या शिष्यवृत्त्या, ओळखपत्र ही कामं तिथलीच. तिथे उपचार मात्र होत नाहीत.

आता सगळ्यात मोठा घोळ. अनेकांना वाटतं की डिस्चार्जच्या वेळी मेडिकल बोर्डाने टक्केवारी लिहून दिली, म्हणजे आपण सरकारदरबारी दिव्यांग ठरलो. लष्कराची टक्केवारी पेन्शनसाठी असते आणि तिथे साधारण २० टक्क्यांपासून हिशेब सुरू होतो. नागरी सवलती चालतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यावर. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, आयकरातली सूट, एसटीची सवलत यांसाठी नागरी दाखलाच हवा. तो यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवरून निघतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, रुग्णालय निवडायचं, दिलेल्या दिवशी तपासणीला जायचं. हे कार्ड देशभर चालतं. माझं ठाम मत आहे की ईसीएचएस कार्ड खिशात असलेल्यानेही यूडीआयडी काढावं. एकामुळे दुसरं रद्द होत नाही.

कृत्रिम पायासाठी पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर की हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था, हा प्रश्न विचार करून सोडवण्याचा आहे. पुण्याचं केंद्र १९४४ पासूनचं, लष्कराचं. तिथे पलटणीतलाच आणखी कुणी बाजूच्या खाटेवर भेटतो, त्याने मनाला जी उभारी मिळते ती औषधाने येत नाही. पाय नुकताच गमावलेला असेल आणि सलग राहून चालायला शिकायचं असेल तर पुणे उत्तम. पण पाय एकदा बसवला की काम संपत नाही. शस्त्रक्रियेनंतर उरलेला भाग पहिल्या काही महिन्यांत आक्रसतो, सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची खोबण, सैल होतं, घासून जखमा होतात. वजन कमीजास्त झालं तरी फिटिंग बिघडतं. म्हणजे पुन्हा पुन्हा जावं लागतं. पाळीची नोकरी करणाऱ्याला दर वेळी पुणे गाठणं कठीण, आणि मग माणूस दुखणं अंगावर काढतो, पाय कोपऱ्यात ठेवून कुबड्या घेतो. म्हणून मुंबईत राहून काम करणाऱ्याला मी हाजी अली सुचवेन. तिथे डॉक्टर, फिजिओथेरपी आणि कृत्रिम अवयव बनवण्याची कार्यशाळा एकाच आवारात आहे, आणि संस्था सर्वांसाठी खुली आहे, त्यामुळे माजी सैनिक नसलेल्यांनाही पहिला पत्ता हाच. महालक्ष्मी स्टेशनला उतरून पुढे टॅक्सी करा, पायाला त्रास असताना ते अंतर चालू नका. पाठीच्या कण्याला दुखापत होऊन कमरेखालचं अंग गेलेल्या माजी सैनिकासाठी मात्र खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्राचा विचार करावा, कारण तिथे राहण्याचीही सोय आहे.

कानासाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. तोफखान्यात वर्षं काढलेल्यांना ईसीएचएसमधूनही श्रवणयंत्र मिळू शकतं, म्हणून त्यांनी आधी पॉलीक्लिनिकला विचारावं. इतरांसाठी केंद्राची एडिप योजना (दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणारी) आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा आहे. लहान मूल आवाजाला प्रतिसाद देत नसेल तर मात्र कोणतंही कार्ड निघायची वाट न बघता वांद्रे गाठा. एडिप योजनेतल्या कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणयंत्राचं, देशभरातलं काम हीच संस्था पाहते, आणि भाषा शिकण्याचं वय कागदांसाठी थांबत नाही.

दृष्टी गेलेल्यांसाठी वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी वांद्र्याची अडॅप्ट, म्हणजे १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया म्हणून सुरू झालेली संस्था. मन खचलं असेल, झोप उडाली असेल तर १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन करता येतो, पैसे लागत नाहीत.

दिव्यांग मूल असलेल्या माजी सैनिकांनी एक गोष्ट आजच तपासावी. ईसीएचएसमध्ये मुलगा साधारण २५ वर्षांपर्यंतच अवलंबित धरला जातो. कायमचं दिव्यांगत्व असेल तर ही वयाची अट राहत नाही, पण त्यासाठी नागरी दाखला लागतो. मुलगा विशीत असतानाच दाखला काढून कार्डाच्या नोंदीत लावून घ्या. पंचविशी उलटल्यावर धावपळ सुरू केली तर मधल्या काळातल्या उपचारांचा खर्च खिशातून जातो.

आणि रात्रीबेरात्री जवळच्या, पॅनेलवर नसलेल्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर ४८ तासांच्या आत पॉलीक्लिनिकला कळवा. कार्डाची प्रत आणि पॉलीक्लिनिकचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या, कारण त्या वेळी फोन करणारी व्यक्ती बहुधा तुम्ही नसाल.