बाहेरून आणायचे की आतलेच घडवायचे?

प्रशासन सुधारायचं म्हटलं की दिल्लीहून दोन वाटा दाखवल्या जातात.

पहिली थेट भरतीची, म्हणजे स्पर्धा परीक्षेशिवाय बाहेरची माणसं वरच्या पदांवर घेण्याची. 2018मध्ये केंद्राने सहसचिवांच्या 10 जागांसाठी बाहेरच्या तज्ज्ञांकडून अर्ज मागवले. ऑगस्ट 2024मध्ये 45 पदांची जाहिरात निघाली, आरक्षण नाही म्हणून गदारोळ झाला आणि ती काही दिवसांतच गुंडाळली गेली. लातूर-संभाजीनगरच्या अभ्यासिकांत ऐन उमेदीची वर्षं घालवणाऱ्या पोरांना हे मागचं दार वाटलं, तर त्यांचं काय चुकलं?

दुसरी वाट 2020च्या मिशन कर्मयोगीची. आहेत त्याच कर्मचाऱ्यांना ऑनलाइन शिकवायचं. स्वस्त, बिनवादाची. पण क्लिक करून मिळालेल्या प्रमाणपत्राने टेबलावरची फाइल हलेलच असं नाही.

मराठवाड्यात 2023मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दप्तरं उघडली. आत उर्दू आणि मोडी. तिथे मोडी वाचणारी माणसं बाहेरून बोलवावीच लागली. म्हणजे तज्ज्ञ हवेत. पण तालुक्याच्या अभिलेख कक्षात, ठरावीक कामापुरते. सहसचिवाच्या खुर्चीची मला तितकी निकड दिसत नाही.

त्यापेक्षा मी प्रशिक्षणाच्या बाजूने, तेही एका अटीवर. शिकलेला अधिकारी त्या खुर्चीत टिकला पाहिजे. किमान कार्यकाळ ठरवून द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2013मध्येच सांगितलंय. टंचाईचा आराखडा करणाऱ्याची उन्हाळ्याच्या तोंडावर बदली झाली, तर नवे साहेब टँकरचा हिशेब पहिल्यापासून समजून घेत बसतात.