जंतुरोधक बाँडिंगवर बसवलेल्या तारा : दहा महिन्यांनंतर

थोरलीच्या तारा निघाल्या त्या दिवशी आम्ही पेढे आणले होते. घरी येऊन उजेडात बघते तर वरच्या चार दातांवर, ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवलेले छोटे तुकडे) होते त्या जागेभोवती, खडूने काढल्यासारख्या पांढऱ्या चौकटी! जंतूंच्या आम्लाने दातातले क्षार निघून गेले की असे डाग पडतात. दात सरळ झाले, पण रांगोळीसकट. त्यामुळे धाकट्याच्या वेळी डॉक्टर मॅडमनी "जंतुरोधक बाँडिंग (म्हणजे ब्रॅकेट चिकटवायचा, जंतू मारणारा मसाला) वापरू का? अडीच हजार वाढतील," असं विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं.

मला वाटलं होतं, त्यात औषध भरलेलं असतं आणि ते हळूहळू पाझरतं. तसं फ्लोराइडवाल्या सिमेंटचं असतं. त्यातून सुरुवातीला भरपूर फ्लोराइड येतं, मग ओहोटी लागते. आमच्या प्रायमरमध्ये (ब्रॅकेट चिकटवण्याआधी दातावर लावतात तो पातळ द्रव) एमडीपीबी नावाचा जंतुनाशक रेणू आहे. जपानच्या ओसाका विद्यापीठातल्या सातोशी इमाझातो यांनी सहकाऱ्यांबरोबर 1990च्या दशकात त्यावर काम केलं, मुळात दातात भरायच्या रेझिनच्या मसाल्यासाठी. निळ्या लाइटखाली प्रायमर घट्ट होताना हा रेणू त्याच जाळ्यात अडकून बसतो. विरघळून जात नाही. जो जंतू येऊन टेकेल त्याला मारतो. ऐकायला झकास. पण मॅडमनी हेही सांगितलं की वर लाळेचा आणि मेलेल्या जंतूंचा थर साचला की त्याची धार बोथट होते. शिवाय बहुतेक माल ब्रॅकेटखालीच दडलेला. उघडी राहते ती कडेची बारीक पट्टी.

बसवताना मात्र आराम. थोरलीला आधी दात खरखरीत करायला 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल, मग धुणं, मग वाळवणं, आणि तोवर तोंड उघडून उघडून जबडा दुखलेला. याच्या प्रायमरमध्येच आम्लाचं काम होतं, धुवायची भानगड नाही.

चिकटण्याबद्दल तक्रार नाही. दोन ब्रॅकेट निघाले, पण पहिल्याच्या वेळी पठ्ठ्या दाताने ऊस सोलत होता (सांगलीत राहून पोराला उसापासून लांब ठेवून दाखवा!). दुसरा खालच्या पुढच्या दातावरचा, भाजलेल्या कणसावर गेला. फार घट्ट चिकटूनही उपयोग नाही, काढताना दाताचा टवका उडायचा. ब्रॅकेट टिकण्यापुरत्या पकडीचा 1975 पासून सांगितला जाणारा अंदाज 6 ते 8 मेगापास्कलचा (पकडीची ताकद मोजायचं एकक) आहे.

तो दुसरा ब्रॅकेट परत बसवला त्या दिवशी दवाखान्यात ती बाटली संपली होती, म्हणून साधंच बाँडिंग लावलं. मला आधी राग आला, मग वाटलं, बरं झालं, घरबसल्या तुलना होईल. पाच महिने झाले. त्या दाताभोवती डाग नाही. इतर दातांवरही ब्रॅकेटच्या कडेला डाग नाहीत. म्हणजे बाँडिंगचा गुण आला की नाही, देव जाणे. खालच्या पुढच्या दातांना तशीही लाळ भरपूर धुते, तिथे डाग कमीच पडतात.

डाग पडला तो भलतीकडेच. वरच्या डाव्या सुळ्यावर, ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधल्या पट्टीत. तिथे जंतुरोधक बाँडिंग पोहोचतच नाही आणि आमच्या चिरंजीवांचा ब्रशही नाही. बसवल्यावर दुसऱ्याच महिन्यात मॅडमनी तो दाखवला. एका महिन्यातसुद्धा असा डाग दिसू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

अडीच हजार परत घालेन का? घालेन, कारण थोरलीच्या त्या चौकटी रोज समोर दिसतात. पण तेवढेच पैसे घालायचे असतील तर आधी तारांमधून फिरवायचा बारीक ब्रश आणि 0.05 टक्के सोडियम फ्लोराइडची चूळ घ्या. त्याबद्दल मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं नाही, डाग दिसल्यावर सांगितलं.

आता रात्री तो ब्रश करतो आणि मी मोबाइलचा टॉर्च धरून उभी राहते. सुळ्यावरचा डाग अजून तेवढाच आहे.