पेडल कधी वर, कधी खाली: आधी मास्टर सिलेंडर बदलायचा की आधी ड्रम उघडायचे?

दाभोळला जाणारी फेरीबोट लागली होती. धोपाव्याच्या धक्क्याचा उतार ओला, पुढे एक रिक्षा उभी, आणि माझ्या जुन्या जीपचं ब्रेकचं पेडल पहिल्याच दाबाला थेट पायाखालच्या पत्र्याला टेकलं. पाय उचलून पुन्हा मारला, तेव्हा अर्ध्यावर घट्ट झालं. गाडी रिक्षापासून हातभर अंतरावर थांबली. गुहागरहून तिथवर येताना एकदाही असं जाणवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका गॅरेजात गाडी दाखवली. चाक न काढताच 'मास्टर गेलाय' असं ठरलं; मास्टर म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांकडे पोचवणारा मुख्य सिलेंडर. नवा मास्टर सिलेंडर बसला, पैसे गेले, आणि चार दिवसांत पेडल पुन्हा तसंच. शेवटी मागचे ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी वाट्या उघडल्या, तर फट कमी-जास्त करणारे ॲडजस्टर खाऱ्या हवेने गंजून जाम झालेले आणि लायनर (ड्रमवर घासून गाडी थांबवणारं अस्तर) व ड्रम यांच्यात भलतीच फट. म्हणून जुनी महिंद्रा जीप किंवा जिप्सी बाळगणाऱ्या आणि नेमक्या याच पेचात असलेल्या माणसासाठी हे लिहितो आहे.

मग सकाळभर दोष का दिसला नाही? कारण मी नकळत दोन हलके दाब देऊन ब्रेक मारत होतो. पहिल्या दाबाने शू (ज्यांच्यावर लायनर बसवलेलं असतं त्या कमानी) ड्रमजवळ सरकतात, स्प्रिंगनी ते परत ओढायच्या आत दुसरा दाब बसतो आणि पेडल वर मिळतं. धक्क्यावर घाबरून एकच लांब दाब दिला आणि खरी फट पायाला कळली. जुन्या गाडीचे दोष आपला पाय सवयीने झाकून टाकतो. त्यामुळे तपासणी सपाट जागी, गाडी उभी करून, ठरवून करायची.

इंजिन बंद ठेवा. बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर पेडल हलकं करणारा डबा) असेल तर चार-पाच वेळा पेडल मारून त्यातला व्हॅक्यूम संपवा. मिनिटभर थांबून एक दाब द्या, उंची लक्षात ठेवा, सोडून लगेच दुसरा द्या. दुसऱ्या दाबाला पेडल वर आलं आणि दगडासारखं घट्ट लागलं, तर संशय ड्रमवर. वर आलं पण स्पंजासारखं दबतंय, तर लाइनमध्ये हवा. आता तिसरी गोष्ट, आणि हीच घाईत राहून जाते: हलका, एकसारखा दाब देऊन एक-दोन मिनिटं पाय तसाच ठेवा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर एक तर तेल बाहेर गळतंय किंवा मास्टरच्या आतला रबरी वॉशर तेल मागे सोडतोय. जोरात दाबलं की हाच वॉशर कधी कधी ताणून बसतो आणि पेडल ठीक वाटतं, म्हणून दाब हलकाच हवा.

मास्टर आणि ड्रम यांतला मोठा फरक इथेच आहे. ड्रमच्या फटीमुळे खाली गेलेलं पेडल जिथे थांबतं तिथेच राहतं. मास्टरचं पेडल थांबत नाही, ते पायाखालून सरकत राहतं. ब्रेक ऑइलच्या बाटलीतलं तेल कमी होत नसेल, चाकांच्या आतल्या बाजूला ओल नसेल आणि तरीही पेडल बसत असेल, तर मास्टरवरचा संशय पक्का. ओल शोधताना मास्टरच्या मागची, पेडलच्या दांड्यावरची रबरी टोपीही उचलून बघा. तिथली गळती बॉनेट उघडून दिसत नाही.

हँडब्रेकचीही एक सोपी चाचणी लोक सांगतात: तो दोन-तीन दात ओढा, पेडल वर आलं तर मागचे शू सैल. चाचणी बरोबर आहे, पण बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीमागच्या) एका वेगळ्या ड्रमवर असतो. तशा गाडीत ही चाचणी काहीच सांगत नाही. आधी आपली केबल कुठे जाते ते खाली वाकून बघा.

तरीही उलगडा होत नसेल तर चाकांकडे तेल नेणारे रबरी होज (नळ्या) चिमटवून बघण्याचा मार्ग आहे. पुढे दोन, मागच्या ॲक्सलला बहुधा एक. होजला इजा होणार नाही असा गुळगुळीत तोंडाचा क्लॅम्प लावून तिन्ही बंद करा. आता पेडल उंच आणि घट्ट असेल तर मास्टर निर्दोष. मग एकेक क्लॅम्प सोडा. ज्याच्या सुटण्याने पेडल खाली जाईल, त्या बाजूचं चाक उघडा. होज भेगाळलेले असतील तर मात्र हे करू नका. ते तसेही बदलायलाच हवेत.

खर्च आणि कष्ट यांत दोन्ही वाटा सारख्या नाहीत. ड्रम उघडून साफ करणं, ॲडजस्टर मोकळे करणं, शू ड्रमला लागेपर्यंत वाढवून चाक मोकळं फिरेल इतकेच मागे घेणं, यात मजुरीच जास्त जाते. ड्रममधली धूळ मात्र हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. उघडलेच आहेत तर शू ढकलणाऱ्या छोट्या व्हील सिलेंडरची रबरी टोपी बोटाने उचलून बघा. आत ओलं निघालं तर तेही काम त्याच वेळी करा. माझं मत स्पष्ट आहे: पेडल बसत नसेल तर आधी ड्रम.

मास्टरच करायचा ठरला तर पुढचा प्रश्न किट (फक्त आतले रबरी वॉशर बदलणं) की नवा संच (अख्खा सिलेंडर). किट स्वस्त असतं आणि कोरड्या मुलखात चालूनही जाईल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली. त्या पाण्याने सिलेंडरच्या आत गंजाचे बारीक खड्डे पडतात. बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली पोकळी, धुऊन उजेडात धरा, नख फिरवा. नख अडकलं तर किट नकोच, कारण नवा वॉशर त्याच खड्ड्यांवर घासून फाटतो. कोकणात मी नव्या संचाच्याच बाजूने आहे, आणि एका सर्किटच्या (चारही चाकांना तेलाची एकच लाइन असलेल्या) जुन्या जीपला तर नक्कीच, कारण तिथे एक वॉशर गेला की चारही चाकांचे ब्रेक जातात.

पेडल उलट दगडासारखं कडक होऊन गाडी थांबत नसेल तर प्रश्न बूस्टरचा. डिझेल गाडीत अल्टरनेटरवरचा व्हॅक्यूम पंप आणि त्याची नळी आधी बघा.

घाटात दोष दिसत असेल तर वेगळा विचार करा. आंबोली किंवा कुंभार्ली उतरताना पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनर तापलेत. पेडलच मऊ होऊन खाली गेलं आणि गाडी थंड झाल्यावर परत आलं, तर तेल उकळतंय. नवं डॉट ३ (ही ब्रेक ऑइलची प्रत) तेल किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, पाणी शोषलेलं १४० अंशांवरही उकळू शकतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. यात मास्टरचा दोष नाही, तेल बदला. मी दर वर्षी पाऊस संपला की बदलतो.

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना पेडल तळापर्यंत हाणायचं नाही, हेही मिस्त्रीला आधीच सांगा. रोजच्या वापरात वॉशर सिलेंडरच्या टोकाला पोहोचत नाही, तिथे गंज बसलेला असतो. पूर्ण दाबलं की तो त्या गंजावरून जातो आणि चांगला मास्टर त्याच दिवशी बिघडतो. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला की काम भागतं. माझ्या जीपमध्ये तो ठोकळा सीटखाली कायमचा ठेवलेला आहे.