अपघाताची भरपाई: लवकर तडजोड की पूर्ण दावा?

आमच्या दाजींच्या दुचाकीला एका मोटारीने मागून ठोकरलं तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. उजव्या पायाची नडगी मोडली, आत रॉड घातला. दवाखान्यातून घरी येऊन आठवडा झाला नसेल, तोवर घरात दोन पक्ष पडले. एक म्हणे, "क्लेम टाका, सोडू नका." दुसरा म्हणे, "कोर्टात पाच वर्षं जातील, देतायत ते घ्या आणि मोकळे व्हा." चौथ्या महिन्यात विमा कंपनीच्या बाजूने सव्वातीन लाखांचा आकडा आला. दाजी सहीला तयार होते. ताईने अडवलं, तेही कायद्याच्या माहितीने नाही. तिचं म्हणणं एवढंच, की पाय अजून ओला आहे, जखमेतून पाणी येतंय.

आठव्या महिन्यात जंतुसंसर्गामुळे दुसरं ऑपरेशन झालं. सही झाली असती तर तो खर्च आमचा आम्हीच सोसला असता. त्यानंतर प्रकरण मिटेपर्यंत मी या विषयाच्या मागे होतो, तारखांना जात होतो, वकिलांच्या कारकुनांना चहा पाजत होतो. "किती दिवस लागतात?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. उत्तरं चार-पाच आहेत आणि कोणत्या दारातून आत जाता त्यावर ती ठरतात.

कागदावरचा सर्वांत सरळ रस्ता

मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर, आणि तिच्यापाठोपाठ 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांनंतर, पोलिसांवर मोठी जबाबदारी आली. अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे (एमएसीटी), अंतरिम अहवाल 50 दिवसांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत गेला पाहिजे. विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने त्यानंतर 30 दिवसांत देकार, म्हणजे तडजोडीची रक्कम, ठेवायचा. जखमीने तो स्वीकारला तर न्यायाधिकरण तडजोड नोंदवतं आणि कंपनीला जास्तीत जास्त 30 दिवसांत पैसे द्यावे लागतात. हिशोब केला तर पाच-सहा महिने. पोलिसांचा अहवालच न्यायाधिकरण दावा म्हणून धरू शकतं, ही सोयही कायद्यात आहे. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात या सगळ्याची अंमलबजावणी करा म्हणून राज्यांना बजावलं.

आता पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, की आमच्या गुन्ह्याचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला का. अंमलदाराने लगेच जावक क्रमांक सांगितला तर तुम्ही नशीबवान. आमच्याकडे त्यांनी आधी मलाच विचारलं, कुठला अहवाल? तरी विचारा, लेखी अर्ज देऊन विचारा, कारण या वाटेला खर्च जवळजवळ नाही.

या वाटेची खोट वेगाच्या पोटातच आहे. पाचव्या महिन्यात येणारा देकार हा पाचव्या महिन्यातल्या पायाचा असतो. हाड जुळलं की नाही, गुडघा किती वाकतो, रॉड काढायचा की ठेवायचा, हे तेव्हा डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही.

अडीच लाख, चूक कुणाची ते न विचारता

मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली गंभीर इजेला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख अशी ठरलेली रक्कम आहे. समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. हाड मोडलं की ती कायद्याने गंभीर इजाच. त्यामुळे साक्षीदार नसलेल्या, किंवा स्वतःचीही थोडी चूक असलेल्या माणसाला ही वाट मोलाची.

पण त्याच कायद्यात एक ओळ आहे, ती कुणी वाचून दाखवत नाही. कलम 149 च्या, म्हणजे वर सांगितलेल्या देकार-तडजोडीच्या पद्धतीने 164 ची रक्कम स्वीकारली, की न्यायाधिकरणातला तुमचा मोठा दावा संपतो. म्हणजे हे उचल घेतल्यासारखं नाही, दार लागतं. मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, दोन महिन्यांत कामावर रुजू झालात, तर मी डोळे झाकून घ्या म्हणेन. पाय आखडलेल्या रिक्षाचालकाला मात्र कधीच म्हणणार नाही.

पूर्ण दाव्यात वेळ जातो कुठे

कलम 166 चा दावा म्हणजे लोक ज्याला "एमएसीटीची केस" म्हणतात ती. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, यांपैकी कुठल्याही न्यायाधिकरणात तो टाकता येतो. द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ अपघात झाला म्हणून लातूरच्या माणसाने रायगड जिल्ह्यात खेपा घालायची गरज नाही. मुदत अपघातापासून सहा महिने. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

लोकांना वाटतं, न्यायाधीश विचार करायला वर्षं लावतात. तसं नसतं. वेळ खातात त्या किरकोळ गोष्टी. गाडीच्या मालकाला नोटीस बजावायची, तर आरसी बुकावर पत्ता दहा वर्षांपूर्वीचा. गाडी मधल्या काळात विकलेली, नावावर मात्र झालेली नाही. बेलिफ "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा मारून परत येतो, पुढची तारीख दीड महिन्याने. मग विमा कंपनीचे पॅनेल वकील कैफियतीला, म्हणजे लेखी उत्तराला, मुदत मागतात. मुद्दे निघतात. तुमचा सरतपास, म्हणजे तुमची स्वतःची साक्ष, शपथपत्रावर होतो, उलटतपास लांबतो. मध्येच न्यायाधीशांची बदली होते.

सगळ्यांत अवघड माणूस म्हणजे डॉक्टर. अपंगत्वाचा दाखला पुराव्यात नुसता निशाणी लावून भागत नाही. कंपनीने त्यावर हरकत घेतली, की ज्यांनी तो दिला त्यांनी साक्षीला यावं लागतं. त्यांची ओपीडी सोडून ते कोर्टाच्या बाकावर का बसतील? आमच्या सात तारखा एकट्या डॉक्टरांपायी गेल्या. शेवटी वकिलांनी कोर्ट कमिशनर (कोर्टाच्या वतीने साक्ष नोंदवणारा माणूस) नेमून दवाखान्यातच साक्ष घ्यायचा अर्ज केला. तो पहिल्याच दिवशी केला असता तर एक वर्ष वाचलं असतं.

एकूण काळ? दोन वर्षांत निकाल लागलेले दावे मी पाहिले आहेत, सहा वर्षं रखडलेलेही. वकिलाच्या अंदाजापेक्षा चांगला मार्ग आहे: राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडच्या संकेतस्थळावर जिल्हानिहाय प्रलंबित प्रकरणं किती जुनी आहेत ते दिसतं, आणि ई-कोर्ट्सवर त्या न्यायालयाचा रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. पंधरा मिनिटांत कळतं, की तुमच्या न्यायाधिकरणापुढे आज कोणत्या सालचे दावे पुराव्याला आलेत.

निकालानंतर रक्कम 30 दिवसांत जमा करायची असते. कंपनीला 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. तिथे पुन्हा काही वर्षं. दिलासा एवढाच, की स्थगिती देताना उच्च न्यायालय बहुतेकदा रक्कम जमा करायला लावतं आणि तिच्यातला काही भाग जखमीला काढू देतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची अपिलं ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात, म्हणजे मुंबईची खेप तरी वाचली.

लोकअदालत: मधली वाट, पण केव्हा?

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चारदा भरते. मोटार अपघाताचे दावे तिथे मोठ्या संख्येने मिटतात, कारण कंपनीलाही फाइल बंद करायची असते. फायदे खरे आहेत. भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि निवाडा अंतिम असल्याने कंपनीला अपील करता येत नाही. अपीलच नाही म्हणजे त्यात जाणारी पुढची तीन-चार वर्षं एका फटक्यात वाचली.

तेच तुमच्याही बाबतीत. अपील तुम्हालाही नाही. पुढच्या वर्षी ऑपरेशन निघालं म्हणून परत येता येत नाही. त्यात लोकअदालतीच्या दिवशी वातावरण बाजाराच्या दिवसासारखं असतं. पॅनेलसमोर गर्दी, बाहेर तुमचे वकील, आत कंपनीचा अधिकारी, आणि दहा मिनिटांत "हो की नाही". आदल्या रात्री घरी बसून खालचा आकडा ठरवला नसेल तर त्या गर्दीत माणूस मान हलवून मोकळा होतो.

आकडा कसा ठरवायचा

महिना 18,000 कमाई, वय 34, स्वतःचा धंदा असं धरू. वर्षाचे 2,16,000. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के धरतात (सर्वोच्च न्यायालय, प्रणय सेठी प्रकरण, 2017), म्हणजे 3,02,400. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, 16 (सर्वोच्च न्यायालय, सरला वर्मा प्रकरण, 2009). गुणाकार 48,38,400. आता याला अपंगत्वाची टक्केवारी लावायची. कंपनी दहा टक्के म्हणाली तर 4,83,840. न्यायाधिकरणाने तीस धरली तर 14,51,520. दवाखान्याची बिलं, वेदना, बुडालेला रोजगार हे वेगळं.

सगळा खेळ त्या टक्केवारीचा आहे. आणि ती दाखल्यावरची टक्केवारी नव्हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की अवयव किती निकामी झाला याहून त्या माणसाची कमाई किती घटली ते बघायचं. गुडघा न वाकणारा कारकून आणि गुडघा न वाकणारा गवंडी यांचा दाखला एकच, नुकसान वेगळं. चौथ्या महिन्यातल्या देकारात हा फरक बसूच शकत नाही, कारण गवंडी परत परातीला हात लावू शकेल का, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं.

म्हणून थांबणं नेहमीच फायद्याचं? तसं नाही. मंजूर रकमेवर दावा दाखल केल्यापासून व्याज मिळतं, बहुधा सहा ते नऊ टक्के सरळव्याज. दवाखान्यासाठी चार लाख महिना शेकडा दोन रुपये व्याजाने काढले असतील, तर महिना 8,000, वर्षाला 96,000, चार वर्षांत 3,84,000 नुसतं व्याज. तुमचं कर्ज 24 टक्क्यांनी वाढतं आणि भरपाई आठने. अशा घराला मी दीड-दोन लाख कमी घेऊनही तडजोड करा असंच सांगेन. पगार चालू आहे, खर्च मेडिक्लेमने भागला, सोसायटीचं कर्ज स्वस्त आहे, अशा घराने घाई करायचं काहीच कारण नाही. विमा कंपनी तुमच्या निकडीची किंमत लावत असते, ती निकड तिला दाखवू नका.

वकिलांच्या टक्केवारीचाही हिशोब यात धरा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. तरी कोर्टाच्या आवारात "इतके टक्के" सर्रास ऐकू येतं. फी आकड्यात ठरवा, पावती घ्या.

दोन अडचणीच्या गाठी

ठोकर देणारी गाडी सापडलीच नाही तर गंभीर इजेला 50,000 आणि मृत्यूला 2 लाख अशी वेगळी योजना आहे. अर्ज तहसील पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा, मंजुरी जिल्हा पातळीवर. गाडी पुढे सापडून भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून वळती होते. त्यामुळे इथे दार लागत नाही, बिनदिक्कत अर्ज करा.

गाडीला विमाच नसेल तर मात्र वेळेचे सगळे अंदाज मोडीत. निकाल मालकाविरुद्ध लागतो आणि वसुलीची दरखास्त हा दुसरा खटलाच होऊन बसतो. अशा मालकाने हप्त्याने का होईना, रोख तडजोड पुढे केली तर कमी रकमेलाही ती घ्यावी.

मी काय केलं असतं

लवकर तडजोड आणि पूर्ण दावा यांना एकमेकांसमोर उभं करण्यातच लोक फसतात. दावा सहा महिन्यांच्या आत टाकून ठेवायचा. मुदत सांभाळली जाते आणि व्याजाचं मीटरही त्या दिवसापासून सुरू होतं. तडजोड मात्र दुखणं ठरल्यावर करायची. म्हणजे डॉक्टर म्हणाले, की आता यापुढे सुधारणा नाही, जिल्हा रुग्णालयाचा दाखला हातात आला, की लगेचच्या लोकअदालतीला फाइल लावा. हाडाच्या दुखापतीत हे साधारण दीड-दोन वर्षांत येतं. डोक्याला मार असेल तर आणखी थांबा.

दाजींचं असंच मिटलं, तिसऱ्या वर्षी, पहिल्या देकाराच्या तिपटीहून थोडं जास्त. पूर्ण निकालापर्यंत गेलो असतो तर कदाचित आणखी मिळालं असतं. पण दुकान बंद होतं आणि ताईच्या बांगड्या पतपेढीत होत्या. पैसे खात्यावर यायला आणखी एक महिना गेला, कारण फाइलला लावलेली पासबुकाची झेरॉक्स विलीन झालेल्या बँकेच्या जुन्या शाखेची होती आणि आयएफएससी बदललेला होता. दावा टाकताना तो तेवढा तपासून घ्या.